सम वर्षं तुझी, विषम माझी

चंद्रपूर
१७ मार्च २०२५

जैनब,

जयभीम. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. पत्ता अजीमकडून घेतला. त्याने तो लगेच दिला, म्हणजे देऊ नकोस असं तू मुलाला बजावलेलं नाहीस. एवढं मी नोंदवून ठेवलं आहे. तुझे रोजे चालू असतील. उपाशीपोटी माझं पत्र वाचू नकोस. इफ्तार होऊ दे, पाणी पी, मग वाच.

मुद्दा असा, की हे विषम वर्ष आहे, म्हणजे माझं आहे. २००५ साली बल्लारशाच्या फलाटावर, गाडी चार तास उशिरा असताना, आपण नियम केला होता: सम वर्षं तुझी, विषम माझी. जिचं वर्ष तिने प्रवासाचं ठिकाण ठरवायचं. तिने कारण द्यायचं नाही, दुसरीने मागायचं नाही. कुरकुर करायची ती घरी परतल्यावर. आणि जी नियम मोडेल तिचं पुढचं वर्ष गेलं. करोनाचं एक वर्ष सोडलं तर अठरा प्रवास या नियमावर झाले. तू मला आसामात माजुली बेटावर नेलंस, मी विचारलं नाही. मी तुला स्पितीत किब्बरला नेलं. तिथे तीन दिवस तू गोधडीतून नाक बाहेर काढलं नाहीस, पण घरी येईपर्यंत चकार शब्द बोलली नाहीस. घरी आल्यावर मात्र दोन महिने बोलत होतीस.

गेल्या वर्षी तू सांगितलंस, कोसमटोला. धानोऱ्याच्या पुढे जंगलातलं चाळीस घरांचं गाव. मी पठाणपुऱ्यात तुझ्या स्वयंपाकघरात उभी होते, हातात चहाचा कप होता, आणि मी विचारलं, "तिथे काय बघायचं?" नियम मोडला. मान्य आहे. त्यापुढे जे बोलले तेही आठवतं. म्हणाले, तुझ्या गुडघ्यांना लांबचं झेपत नाही म्हणून तू जवळचं शोधलंस, सरळ सांग ना. तू कणीक मळायची थांबली नाहीस. एवढंच म्हणालीस, "तुले नाई यायचं त नको येऊ, साहेब. मी त जाऊन राह्यली."

मी शाळा तपासणारी आणि तू शाळेत शिकवणारी, म्हणून तू मला थट्टेने साहेब म्हणतेस. त्या दिवशी आवाजात थट्टा नव्हती.

तू एकटी गेलीस. मी एका सहल कंपनीबरोबर मेघालयाला गेले. मेघालय उत्तम झालं. जूनमध्ये तू घर आवरून हैदराबादला मुलाकडे निघून गेलीस आणि मला ते भाजीवाल्याकडून कळलं.

माझं म्हणणं अजून बदललेलं नाही. आपल्या वयात ठिकाण निवडणं ही चेष्टा नव्हे. अडुसष्टाव्या वर्षी माणसाच्या पायांत किती प्रवास उरलेले असतात? आठ धर, फार तर दहा. एक चुकला की दहावा हिस्सा गेला. ज्या मुलखात मी अकरा वर्षं जीपने हिंडून शाळा तपासल्या, तिथला धुरळा अजून माझ्या छातीत आहे. तिथे त्यातला एक प्रवास घालवायचा? आणि कोसमटोला हे नाव तर मला आठवतसुद्धा नव्हतं.

तरी न बघता शेरा मारायचा नाही ही माझी नोकरीतली शिस्त. म्हणून हे माझं वर्ष मी कोसमटोल्यावर घालते आहे. परवा निघते. पाहणी करून अहवाल पाठवीन. तू चुकलीस असं दिसलं तर तसं स्पष्ट लिहीन.

नूतन


कोसमटोला
२१ मार्च, दुपार

जैनब,

पोहोचले. वैनगंगेत पाणी अगदी मधोमध सरकलं आहे, दोन्हीकडे रेती. गडचिरोलीला बस बदलून धानोऱ्याला उतरले. तिथे सीता उसेंडी दिराची गाडी घेऊन घ्यायला आली होती. पाहुण्यांचं सगळं तीच बघते. चाळिशी ओलांडलेली, काटक, कामापुरतं बोलणारी.

"मॅडम, एकल्याच?"

"हो."

"बरं झालं. दोघी येतात त एकमेकीसंगच बोलत राह्यतात. जंगल तसंच राहून जाते."

म्हटलं, हिला आपली ओळख कोणी करून दिली?

व्यवस्थेबद्दल. पाहुण्यांची खोली म्हणजे गावची जुनी शाळा. पट घटला, शाळा बंद झाली, इमारत ग्रामसभेने सांभाळली. भिंतीवर फळा तसाच आहे. पलंगाची उंची गुडघ्यांना बरोबर आहे, संडासात बसायला खुर्ची आहे आणि पाण्याची बादली भरलेली असते. तू इथे राहून गेली आहेस, तरी लिहिते, कारण अहवाल म्हणजे अहवाल.

जेवणात भात, जवसाची चटणी आणि शेवटी मोहाच्या फुलांचे लाडू. वाळवलेली फुलं भाजून तिळाबरोबर कुटायची आणि हाताने वळायची, बाकी काही नाही. त्यांच्याच गोडीने लाडू होतो. मी दोन खाल्ले, मग तिसराही खाल्ला. सीता म्हणाली, "हे गेल्या सालचे फुलं हाय. इथी तसाच रिवाज हाय. पाहुण्यानं वेचलेलं घरात नाई मिसळवाचं. थे पुढच्या पाहुण्याले."

मी विचारलं, हे कोणी वेचलं होतं? ती म्हणाली, "होती एक बाई. लय बोलाची." आणि भांडी उचलून गेली.

आज पहाटे पाच वाजता मोह वेचायला गेलो. फूल झाडावरून तोडत नाहीत, ते आपणहून गळतं आणि उजाडेपर्यंत खाली सडा पडतो. प्रत्येक घराचं झाड ठरलेलं. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही, त्याला कुंपण लागत नाही. बऱ्याच ठिकाणी खालचा पाला जाळून जमीन साफ करतात आणि वणवा लागतो. इथे ग्रामसभेने ते बंद केलं. आठ दिवस आधीपासून बाया खराट्याने झाडाखाली झाडतात. जैनब, मी पुष्कळ अंगणं पाहिली आहेत. जंगलाला कोणी अंगण केलेलं पहिल्यांदा पाहिलं.

झाडांपाशी एक सत्तरीपुढचे गृहस्थ उभे होते. रामाजी हलामी. पूर्वी शिक्षक होते. पाहुण्यांना वेचायला शिकवणं त्यांच्याकडे. त्यांनी खिशातून वही काढली आणि हजेरी घेतली. माणसं मोजल्याशिवाय आत शिरायचं नाही आणि मोजल्याशिवाय परतायचं नाही, कारण अस्वलालाही मोह आवडतो.

"देवगडे मॅडम?"

"हजर," मी म्हणाले.

सगळ्या बाया खळखळून हसल्या. यात हसण्यासारखं काय ते मला कळलं नाही.

"मले वाटलंच, थ्याच हाय," रामाजी म्हणाले. "तुमी आमच्या बीटात होत्या ना?"

होते, मी म्हणाले. माझ्या तपासणीच्या बीटात शंभरावर शाळा होत्या, कोण कोण लक्षात राहणार?

वेचणं सोपं वाटलं होतं. अर्ध्या तासात माझी वाटी भरली आणि कंबर गेली. तेवढ्यात सीताची टोपली काठोकाठ. ती उकिडवी बसून पुढे सरकत जाते, दोन्ही हात चालू, नजर भलतीकडेच, आणि टोपलीत एक पान नाही की काडी नाही. वर आणखी एक. ती फूल जिभेवर ठेवून कोणत्या झाडाचं ते सांगते. मी अर्थात परीक्षा घेतली. पाच झाडांची फुलं मिसळून तिच्या हातावर ठेवली. पाचही बरोबर. शेवटचं फूल तोंडात घोळवत म्हणाली, "हे लटारूच्या झाडाचं. याले उशिरा ऊन लागते, म्हणून फिक्कं."

आजपर्यंतचा अहवाल: ठिकाण वाईट नाही.

नूतन


कोसमटोला
२३ मार्च

जैनब,

चार दिवसांचा मुक्काम संपत आला. पहाटे मोह, मग नाश्ता, मग फुलं वाळत घालताना बघत बसणं. बघत बसणं मला येत नाही हे तुला माहीत आहे. इथे आलं.

अठरा ठिकाणं आठवून पाहिली. गंमत बघ, देखावा एकही आठवत नाही. किब्बरचा बर्फ आठवत नाही, पण लिदीची आग तासभर एकाच आचेवर ठेवणारी ती म्हातारी आठवते. माजुलीची नदी धूसर झाली, मुखवट्याला शेणमातीचा शेवटचा हात देणाऱ्या माणसाचा अंगठा डोळ्यांपुढे आहे. चंदेरीत तू मला त्या विणकराच्या मागाच्या खड्ड्यापाशी पाच तास बसवलंस, मी तिथेच चिडायची बाकी होते, आणि आज तेच पाच तास लख्ख आहेत. उतारवयात कुठे जावं याची माझी यादी नेहमी डॉक्टर किती दूर, जिने किती, इथून सुरू होते. ते हवंच. पण जाण्याजोगं गाव तेच, जिथे कोणाला तरी काहीतरी माझ्याहून फार चांगलं येतं आणि तो माणूस ते माझ्यासमोर करतो. मला हे आज शब्दांत सापडलं. तू हे वीस वर्षं न बोलता करत होतीस. हुशार तू आहेस, हे लिहून देते.

आणि मेघालय उत्तम झालं नाही. झेंडी घेतलेल्या माणसामागे आम्ही चाळीस जण. मुळांच्या पुलाकडे तीन हजार पायऱ्या उतरायच्या होत्या. मी अर्ध्यावर बसून राहिले. पाण्याची बाटली तुझ्या पिशवीत असते ही सवय, त्यामुळे पाणीही नव्हतं. पूल पाहिला नाही. लोकांना सांगताना पाहिला असं सांगते.

आज सकाळची गोष्ट. सीता फुलांचे ढीग लावत होती. मी पाहिलं, प्रत्येक ढीग दहाचा. विचारलं, मोजतेस कशाला, शेवटी वजनच करायचं ना?

"सवय हाय, मॅडम. लहानपणी तसंच शिकवलं. आमची शाळा इथीच भरे, झाडाखाली."

"इथे?"

"मोहाच्या दिवसात. पोरं त सकाळी जंगलातच राह्यत. गुरुजी म्हणे, पोरं शाळेत नाई येत त शाळा पोराइपाशी येईन. दहा दहाचे ढीग, मंग त्याचे पाढे. काडीनं जमिनीवर अक्षरं. झाडलेली जमीन राह्यते ना, पाटीच ते."

"मग?"

"मंग गुरुजीची बदली झाली. नवीन गुरुजी आला, थो कुलूप उघडून आतमंदी बसे. घरी मले विचारत, शाळा का मोह? मोहाशिवाय घर चालत नव्हतं. दोन सालं असंच झालं, मंग नाव कटलं. वाचाले येते मले. लिवाले हात नाई वळत."

तिने हे सगळं फुलं पसरवता पसरवता सांगितलं, पावसापाण्याचं सांगावं तसं. मी तिला विचारलं, "बदली का झाली ते माहीत आहे?"

"माहीत हाय."

"मी कोण, तेही?"

"हो ना." तिने पहिल्यांदा वर पाहिलं. "तुमची गाडी पाह्यली होती मी. हात बी हलवला होता."

पोस्टाची पिशवी निघते आहे. थांबते.

नूतन


कोसमटोला
२४ मार्च

जैनब,

पोस्टाची पिशवी वगैरे काही नव्हतं. कालचं पत्र अजून माझ्याजवळच आहे, दोन्ही एकदम टाकीन.

कोसमटोला हे नाव मला आठवत नव्हतं, असं मी पहिल्या पत्रात लिहिलं. खोटं लिहिलं. तुझ्या स्वयंपाकघरात तू ते नाव घेतलंस तेव्हा मी भरला कप ओट्यावर ठेवून दिला होता. तू पाहिलं असशील. तुझी पहिली नोकरी इथली, हे आपली ओळख झाली तेव्हापासून मला ठाऊक होतं. तू कधी विषय काढला नाहीस, मी कधी निघू दिला नाही. गुडघ्यांचं बोलले ते नाव पुसून टाकायला.

१९९० च्या मार्चमध्ये तू अजीमच्या बाळंतपणाच्या रजेवर होतीस. शाळेत रामाजी एकटेच. सकाळची शाळा होती. मी पावणेआठला जीपने अचानक आले. दाराला कुलूप. पंधरा मिनिटं थांबले, मग जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून शेरा लिहिला: "शाळा कुलूपबंद. शिक्षक व विद्यार्थी गैरहजर. मुख्याध्यापकांचा खुलासा घेऊन योग्य ती कार्यवाही व्हावी." सही केली, तारीख टाकली. तेहतीस वर्षांची होते. या मुलखात बाई साहेब म्हणून फिरणारी मी एकटी, आणि माझा शेरा कधी मागे घ्यावा लागत नाही याचा मला फार अभिमान होता.

गाव सोडून अर्धा मैल गेलो आणि ड्रायव्हर श्रावण म्हणाला, "मॅडम, थे पाहा." डाव्या हाताला मोहाखाली तीसेक पोरं ओळीने बसलेली. पुढे धोतर-सदऱ्यातला माणूस हातात काडी घेऊन उभा. पोरं तालावर काहीतरी म्हणत होती. मी गाडी थांबवायला सांगितली. दोन मिनिटं थांबलो. एका लहान मुलीने हात हलवला.

शेऱ्याचा कागद माझ्या मांडीवर होता. फाडायला दोन हात पुरेसे होते. मी म्हणाले, "चल."

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. आज सकाळी रामाजींना सांगायला गेले. ते दारात दात घासत उभे होते. मी उभ्या उभ्या सगळं बोलले. त्यांनी चूळ भरली, तोंड पुसलं.

"मॅडम, शेरा खोटा नव्हता. कुलूप होतं, तुमी कुलूप लिवलं. पण गाडी थांबली ना, तवा मले वाटलं आता उतरतीन. पोराइले म्हणलं, नीट म्हणा रे, मॅडम येऊन राह्यल्या." त्यांनी लोटा खाली ठेवला. "पंधराचा पाढा चालू होता. तिथीच अडकला."

मी म्हणाले, मी माफी मागायला आले आहे.

"आता माफीचं का लोणचं घालू मी?" ते हसले, पण डोळ्यांनी नाही. मग म्हणाले, "मले भामरागडाच्या पल्याड टाकलं. तिथी त मोह आखीन जास्त. बारा सालं झाडाखालीच शाळा भरवली. तुमच्या साहेबाइच्या गाड्या तेवढ्या दूर येत नाई, लय सुख होतं."

जैनब, मी आयुष्यात शेकडो शिक्षकांना शेरे दिले. चांगले शेरेही दिले. या माणसाच्या कामापुढे ते सगळे कागद केराच्या लायकीचे आहेत. शिक्षा म्हणून जिथे धाडला तिथे तो तेच काम बारा वर्षं करत राहिला, ज्याची शिक्षा होती. आणि परत आल्यावर तेच काम पाहुण्यांसाठी करतो आहे. हजेरी घेतो. माझीसुद्धा घेतली.

निघताना त्यांनी मला थांबवलं. "गाडी थांबली होती, हे मी कोणाले नाई सांगतलं. एका जैनबबाईले तेवढं सांगतलं, थ्या रजेवरून आल्या तवा."

म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं. माझ्याबरोबर माजुलीच्या होडीत बसलीस तेव्हा माहीत होतं. किब्बरला माझ्या कानाला मफलर गुंडाळलास तेव्हाही. अठरा प्रवास तू वाट पाहिलीस की मी स्वतःहून बोलेन, आणि मी बोलत नाही म्हटल्यावर एकोणिसाव्याला मला इथे आणायचं ठरवलंस, कारण न देता. आणि मी विचारलं, तिथे काय बघायचं.

रामाजींचं शेवटचं वाक्य राहिलं. "मले काऊन सांगता? माझं काई नाई गेलं. सीताचं गेलं. थिले सांगा."

तिला सांगितलं. ती खराटा बाजूला ठेवून म्हणाली, "मंग लिवाले शिकवा. मोह सरेपर्यंत राहा."

मुक्काम वाढवला आहे.

नूतन


कोसमटोला
२ एप्रिल

जैनब,

ईद मुबारक, दोन दिवस उशिराने. इथे मोह यंदा लवकर सरत आला. आता पहाटे झाडाखाली मोजकीच फुलं असतात. त्यामुळे जमीन मोकळी मिळते आणि आमची शाळा लांबते.

सीताचा हात जड आहे. काडी कुऱ्हाडीसारखी धरते. 'ळ' उलटा काढते, 'क्ष' बघून तिला राग येतो. एकदा काडी फेकून म्हणाली, "हे अक्षर कोणी काढलं, त्याले अस्वलापाशी सोडा." पण रोज पुसते आणि रोज काढते. फुलांची चव ओळखणाऱ्या माणसाला अक्षराचं वळण ओळखायला किती दिवस लागणार? मी तिला अजून शाबासकी दिलेली नाही. रामाजी पलीकडच्या झाडाखालून बघतात आणि मला ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगतात, "मॅडम, विद्यार्थ्याले बोलत जा जरा गोड." काल त्यांनी हजेरीत माझ्या नावापुढे कंसात 'शिक्षिका' लिहिलं. पदोन्नती आहे, असं म्हणाले.

आज निघते आहे. निघताना पाहुण्यांनी अभिप्रायाची वही भरायची असते. सीताने ती आणून दिली. आजची तारीख तिने स्वतः लिहिली होती, दोन ओळी व्यापून. मी वही चाळली. न चाळता मी कधी सही केलेली नाही. गेल्या एप्रिलचं पान निघालं. तुझं अक्षर मी हजारांत ओळखीन, शाळेच्या फळ्यासारखं सरळ:

"१९ एप्रिल २०२४. व्यवस्था उत्तम. सोबतीण उशिरा पोहोचेल. तिचा पलंग राखून ठेवावा. मी वेचलेली फुलं तिलाच द्यावी, दुसऱ्या पाहुण्याला देऊ नयेत. ती गोड कमी खाते असं सांगेल, ऐकू नये. जैनब शेख."

सीताला विचारलं, पहिल्या दिवशीचे लाडू? ती म्हणाली, "मंग? सालभर कडुनिंबाचा पाला घालून ठेवले फुलं. दोनदा कीड लागता लागता वाचले. थ्या बाईनं फोन करून करून जीव खाल्ला. पोहचली का, पोहचली का."

म्हणजे माझा फोन उचलत नव्हतीस, पण इथे करत होतीस. नोंद घेतली.

तुझ्या ओळींखाली मी माझा अभिप्राय लिहिला. तो असा:

"२ एप्रिल २०२५. सोबतीण पोहोचली. उशीर तिच्या स्वतःच्या चुकीने झाला, खुलासा दिलेला नाही आणि मागू नये. हे ठिकाण मी पूर्वी पाहून न पाहिल्यासारखं सोडलं होतं. १९ मार्च १९९० चा माझा शेरा मी मागे घेते. शाळा भरली होती. नूतन देवगडे."

मला आता हा अधिकार नाही, मी निवृत्त आहे. पण रामाजींनी ते वाचलं, खिशातून पेन काढलं आणि खाली लिहिलं, "पाहिले. रा. हलामी." वरिष्ठांनी सही करावी तशी सही केली.

मी वेचलेली फुलं वेगळ्या टोपलीत बांधून सीताच्या आढ्याला टांगली आहेत. फुलं कोणाची, ते टोपलीवर तिने स्वतः लिहिलंय. 'जैनब' मधला 'ज' ठीक, 'न' जरा वाकडा. मी सुधारायला गेले नाही.

आता हिशोबाने बघ. गेलं वर्ष तुझं होतं आणि नियम मी मोडला. मोडणारीचं पुढचं वर्ष जातं. मग हे २०२५ माझं नव्हतंच, मी ते उगीच माझं धरून निघाले होते. हे वर्षही तुझं आहे. ठिकाण तू ठरव. मला नाव सांगू नकोस, कारण सांगू नकोस. कपडे उन्हाचे घ्यायचे की थंडीचे, तेवढं कळव. पाण्याची बाटली या वेळी मी घेईन.

नूतन